सातबाऱ्यातली मुकी रेघ

(दृश्य: टेबलावर सातबाऱ्याचा उतारा. कॅमेरा मथळ्याजवळ सरकतो.)

सात, मग एक तिरकी रेघ, मग बारा. वाचताना मात्र आपण 'सातबारा' म्हणतो. रेघ कुणीच उच्चारत नाही. हेच गणिताच्या वहीत असतं, तर 'सात छेद बारा' म्हटलं असतं. इथे भागाकाराचा संबंध नाही. गाव नमुना ७ सांगतो जमीन कुणाची, नमुना १२ सांगतो तिच्यात काय पिकलं. दोन नमुने एका कागदावर आले आणि मध्ये रेघ बसली. पुढे 'तुझ्या बापाच्या नावावर सातबारा आहे का?' असं भांडताना तिला गिळून टाकलं ते आपणच.

जरा खाली पाहू. सर्व्हे नंबर ४५/२. इथे तीच रेघ बोलते: पंचेचाळीस, हिस्सा दोन. वाटणी झाली की ४५/२/१ आणि ४५/२/२. भावकीतले बांध कागदावर असे उभे राहतात.

(दृश्य: टाईपरायटरवर चालणारी बोटं.)

हिला नाव काय? मजकूर सांगणारे जुने साहेब 'ऑब्लिक' म्हणायचे, कॉम्प्युटरवर वाढलेली पोरं 'स्लॅश' म्हणतात, घराचा नंबर सांगताना सगळेच 'बाय' म्हणतात. आणि अर्जावर 'श्री/श्रीमती' छापलेलं असतं तिथे ती नुसतीच 'किंवा' होते. नको ते आपण खोडायचं.

(दृश्य: गणपतीच्या वर्गणीची पावती. पेन '५०१/-' लिहितं.)

आता ही पावती. पाचशे एक, तिरकी रेघ, आडवी रेघ. वाचताना 'पाचशे एक रुपये फक्त'. रेघ पुन्हा मुकी, पण कामाची: आकड्यापुढे कुणाला शून्य चिकटवता येऊ नये म्हणून ती राखणीला बसलेली. इंग्लंडात '५/-' म्हणजे पाच शिलिंग, पेन्स काही नाही. छपाईवाले या रेघेला 'सॉलिडस' म्हणतात, ते रोमन काळातल्या सोन्याच्या नाण्याचं नाव. १५ फेब्रुवारी १९७१ला शिलिंगचा हिशेब तिकडे बंद झाला. आपल्याकडे आणे-पै त्याआधीच, १ एप्रिल १९५७ला गेले. आमच्या मंडळाच्या पावतीपुस्तकाला मात्र यातलं काहीच कळवलेलं दिसत नाही.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर ब्राउझर.)

सातबारा आता मोबाईलवर मिळतो. संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता लिहायचा तर सुरुवातीलाच कोलन आणि जोडीने दोन तिरक्या रेघा. वेब उभं करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी २००९मध्ये कबूल केलं, की त्या दोन रेघांची खरं तर गरज नव्हती.

(दृश्य: पडद्यावर उतारा उघडतो. मथळ्यात ७/१२.)