निघण्याआधीचं मोरजी

मार्चचा शेवटचा आठवडा. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे, गोव्यातल्या मोरजीच्या ओल्या वाळूवर आम्ही अकराजण पाहुणे पक्षी बघायला अनवाणी चालतोय. पलीकडच्या डोंगरावर शापोऱ्याचा किल्ला उजळतोय.

वेळ भरती बघून ठरवलीय. ओहोटीला हे पक्षी किडे टिपत चिखलात दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की उरलेल्या वाळूवर दाटीवाटीने येऊन बसतात. त्यांना बघायचं ते तेव्हाच.

“मावशी, हे तर थंडीत राखी होते ना?” दुर्बिणीला डोळा लावलेली शाळकरी मुलगी विचारते.

“आता लग्नसराई आलीय गो त्यांची!”

खरंच. वाळूच्याच रंगाच्या चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा उमटू लागलाय. काहींचा गडद, काहींचा अर्धवट, जणू हळद अजून नीट लागायचीय. शेजारच्या कुरवाच्या डोक्यावर थंडीत कानामागे एक काळसर डाग तेवढा होता. आता त्याने गळ्यापर्यंत तपकिरी टोपरं चढवलंय. पाहुणे पक्षी बघायला लोक नोव्हेंबरात गर्दी करतात. मला विचाराल, तर मार्चमध्ये या. नोव्हेंबरात फिके असलेले हेच पक्षी आता ऐन रंगात येताहेत.

हे निघालेत लडाख-तिबेटच्या पठाराकडे. कुरवांची वीण होते त्या जागांपैकी एक, लडाखचं त्सो मोरीरी सरोवर, सुमारे 4,500 मीटर उंचीवर आहे. आणि इथे त्यांचे पाय समुद्राच्या पाण्यात! चिखल्या तर साठ-सत्तर ग्रॅमचा जीव. तो प्रवास अंगावरच्या चरबीवर होतो, आणि ती चरबी साठते इथल्या चिखलातल्या खाण्यावर.

तेवढ्यात एक कुत्रा थव्यात घुसतो. सगळे भर्रकन उडतात. फोटोत हे उड्डाण सुंदर दिसतं. पण असं प्रत्येक विनाकारण उडणं त्यांच्या शिदोरीतून वजा होतं. म्हणून फोटोसाठी थव्यामागे धावणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते.

आम्ही वाळूत बसून राहतो. कोणी बोलत नाही. रापणीच्या जाळ्याचे दोर ओढणारे आजोबा आमच्याकडे बघून मान हलवतात, कुत्र्याला हाकलतात.

पाण्यावरून एक गिरकी. मग दुसरी, जरा खाली.

पहिला चिखल्या उतरतो, चार पावलं धावतो, थांबतो. मग बाकीचे.