मानेतील धमनी आणि रुळांवरचे तुतारीवादक

श्रोतेहो, नमस्कार. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमन्या जबड्याखाली जेथे दुभागतात, तेथे आतून चरबीचा थर साचतो आणि त्याचा तुकडा सुटून मेंदूत अडकला तर पक्षाघात होतो. 1927 साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ या डॉक्टरांनी या धमनीत क्ष-किरणांत उठून दिसणारे औषध टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र मिळवले. तशी तपासणी आजही होते. परंतु धमनीतून नळी सरकवताना क्वचित पक्षाघातच ओढवू शकतो, म्हणून आता सुरुवात डॉपलर सोनोग्राफीने होते.

या डॉपलरची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. 1842 साली प्रागमध्ये ख्रिस्तियान डॉपलर यांनी असे मांडले की, लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्यांची कंपनसंख्या वाढलेली भासते आणि दूर जात असेल तर घटलेली. हॉलंडमधील बाउस बालोट या तरुण शास्त्रज्ञाला ते पटेना. त्याने 1845 साली उत्रेख्तजवळच्या लोहमार्गावर इंजिनाला जोडलेल्या डब्यात तुतारीवादक चढवले आणि स्वर अचूक ओळखणारे संगीतकार रुळांच्या कडेला उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न थंडी-हिमाने फसला. जूनमध्ये पुन्हा गाडी धावली. वादक तोच एक स्वर धरून होते, तरीही गाडी जवळ येताना कडेच्या मंडळींना तो चढा ऐकू आला आणि पुढे निघून जाताना उतरलेला. खोडून काढायला निघालेल्या माणसाच्या हातून ध्वनीपुरता सिद्धांत खरा ठरला. ताऱ्यांचे वेगवेगळे रंग त्यांच्या अशाच गतीमुळे दिसतात, हे डॉपलर यांचे म्हणणे मात्र त्याने अखेरपर्यंत मानले नाही, आणि तेथे त्याचेच बरोबर होते. माझे तर स्पष्ट मत आहे की, शाळेत फळ्यावर सूत्र येण्याआधी हे तुतारीवादक यायला हवेत.

सोनोग्राफीत तुतारीची जागा रक्तातील तांबड्या पेशी घेतात. मानेला जेल लावून प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे व परत टिपणारे हातातले उपकरण, टेकवला की पेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची कंपनसंख्या बदललेली असते, आणि तो फरक नेमका आपल्या कानाला ऐकू येण्याच्या टप्प्यात पडत असल्याने यंत्रातून ठोक्यागणिक फुस्स-फुस्स असा आवाज येतो. बागेतल्या पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोराने उडते, तसेच अरुंद जागी रक्त वेगाने धावते. सेकंदाला 125 सेंटिमीटरहून अधिक वेग असेल तर निम्मी किंवा त्याहून जास्त वाट बुजल्याची शंका घेतात. 230 ओलांडले तर 70 टक्के किंवा अधिक.

लक्षात घ्या, अरुंदपणाचा हा अंदाज मुख्यतः वेगावरून बांधलेला असतो. पुन्हा सांगतो, वेगावरून. धमनी जवळजवळ बंद झाली की वेग उलट मंदावतो आणि आकडा फसवा ठरतो. म्हणून साचलेला थर काढण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी बहुधा सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी (स्कॅनने रक्तवाहिन्यांचे चित्र) करून खात्री करतात. सीटीसाठी हाताच्या शिरेतून डाय, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणूनचे द्रव्य, देतात आणि ते मूत्रपिंडांना त्रासदायक ठरू शकते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधी सांगावा. एमआरमध्ये अरुंदपणा कधी कधी आहे त्याहून जास्त दिसतो.

कसलाही त्रास नसताना आरोग्य तपासणीच्या पॅकेजात ही सोनोग्राफी सरसकट घालणे मला पटत नाही. मात्र काही मिनिटे एका डोळ्यापुढे पडदा आला, बोलणे अडखळले किंवा हात लुळा पडला, तर ते आपोआप बरे झाले तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कारण शस्त्रक्रिया लागलीच, तर ती पहिल्या दोन आठवड्यांत झाल्यास तिचा लाभ सर्वाधिक असतो.