कागदावरच्या इटालियन गाड्या

[दृश्य: इमोलाचं सर्किट. ट्रॅकच्या कडेने मांडलेली टेबलं, सुटे भाग, पुठ्ठ्याची खोकी.]

निवेदन:

इमोलाचं सर्किट जगाला माहीत आहे ते फॉर्म्युला वनमुळे. पण सप्टेंबरात इथे वेगळीच गर्दी जमते. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायला येतात: कार्ब्युरेटर, हेडलाइट, लाकडी स्टीअरिंग. या बाजाराला इटलीत ‘मोस्त्रा स्काम्बिओ’ म्हणतात. याच टेबलांवर कागदही विकायला असतो. शर्यतींच्या कार्यक्रमपत्रिका, सुट्या भागांचे कॅटलॉग, गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिका, मासिकांचे जुने अंक आणि पुस्तकं.

या कागदांपाशी वाकलेली माणसं गाडी घ्यायला आलेली नसतात. ते इटालियन गाड्यांवरची पुस्तकं आणि कागद जमवणारे संग्राहक. त्यांना पुरावा हवा असतो.

कारण गाडी बदलत राहते. १९५०च्या दशकातली एखादी रेसिंग फेरारी घ्या. एका हंगामात तिचं इंजिन उतरवून दुसरं बसवलं. पुढच्या हंगामात ती धडकली, बॉडी नव्याने ठोकली. मग अमेरिकेत विकली गेली, तिथे कुणी तिच्यात शेव्हरोलेचं व्ही-एट इंजिन घातलं. तीस वर्षांनी कुणी तिला शोधून काढलं आणि पुन्हा लालभडक केलं. आज आपल्यासमोर उभी आहे त्यातलं मूळचं किती? ते सांगतो त्या वर्षी छापलेला फोटो, स्पर्धकांची यादी आणि चॅसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक. त्या काळात फेरारीने रेसिंगच्या गाड्यांना साधारणपणे सम आणि रस्त्यावरच्या गाड्यांना विषम नंबर दिले. फेरारीचं २५० जीटीओ हे मॉडेल १९६२ ते १९६४ या काळात अवघं ३६ गाड्यांचं. यातल्या प्रत्येक नंबरचं चरित्र लिहिलं गेलं आहे: कुणी घेतली, कुठे धावली, कुठे आपटली. म्हणून जाणता संग्राहक पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटची पानं उघडतो, नंबरांची कोष्टकं बघतो. फोटो नंतर.

[दृश्य: अल्फा रोमिओचं संग्रहालय, आरेसे. जुनी तांत्रिक ड्रॉइंग.]

या गाड्यांवर लिहिणाऱ्या साऱ्या लेखकांत मला सर्वाधिक आदर वाटतो तो लुईजी फुझी यांच्याबद्दल. ते मुळात लेखक नव्हते. अल्फा रोमिओ या इटालियन मोटार कंपनीत व्हित्तोरिओ यानो यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन होते. यानो म्हणजे अल्फाला १९२५चं जागतिक विजेतेपद मिळवून देणाऱ्या पी-टू या रेसिंग गाडीचे जनक. फुझींनी पुढे कंपनीचा इतिहास गोळा केला, संग्रहालय सांभाळलं आणि १९१० पासूनच्या सगळ्या अल्फा गाड्यांची मॉडेलवार नोंद करणारा जाडजूड ग्रंथ तयार केला. इंजिन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर), वजन, किती बनल्या. वरवर बघणाऱ्याला रूक्ष वाटेल. पण ज्या ड्रॉइंग ऑफिसात त्या गाड्या जन्मल्या, तिथेच बसलेल्या माणसाची ती नोंद आहे. अल्फाचा संग्रह करायचा तर सुरुवात इथून.

दुसरं टोक म्हणजे फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी. १९६२ साली बोलोन्याच्या कापेल्ली प्रकाशनाने त्यांचं आत्मकथन छापलं. त्यात मुलगा दीनोच्या अकाली मृत्यूचं दुःख आहे, ड्रायव्हरांबद्दलची रोखठोक मतं आहेत. एन्झो तेवढ्यावर थांबले नाहीत. १९६४, १९७०, १९८०... तेच पुस्तक वाढवत, फिरवत, नव्या नावाने ते काढत राहिले. म्हणूनच यातली एकच प्रत घेऊन भागत नाही. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या की हा माणूस कुणाविषयी काय म्हणत होता आणि नंतर काय म्हणू लागला, ते उलगडतं. संग्रहाचा खरा आनंद मला तरी याच वाचनात सापडतो.

[दृश्य: मिल्ले मिल्याचे कृष्णधवल फोटो. ब्रेशाचा सुटण्याचा मंच.]

आणि मग मिल्ले मिल्या ही शर्यत. ब्रेशाहून रोमला जाऊन परत ब्रेशा, साधारण सोळाशे किलोमीटर, उघड्या सार्वजनिक रस्त्यांवर. १९२७ साली सुरू झालेली ही शर्यत जितकी कागदावर उतरली, तितकी फार थोड्या शर्यती उतरल्या असतील. १९५५ साली ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस जिंकले ते जर्मन मर्सिडीजमधून, पण त्या दिवसाचं वर्णन इटालियन रेसिंगच्या कुठल्याही संग्रहात हवंच. शेजारी बसलेले डेनिस जेनकिन्सन पत्रकार होते. त्यांनी रस्त्याचं प्रत्येक वळण सुमारे साडेपाच मीटर लांब कागदावर लिहून ती गुंडाळी एका डबीत बसवली होती. ती फिरवत, हातांच्या खुणांनी ते मॉसना पुढचं वळण सांगत राहिले. १० तास, ७ मिनिटं, ४८ सेकंद. सरासरी वेग ताशी सुमारे १५७ किलोमीटर. ते सगळं त्यांनी आपल्या मासिकात स्वतः लिहिलं.

उलट १९३० सालच्या मिल्ले मिल्याची गोष्ट. ड्रायव्हर ताझिओ नुव्होलारी यांनी हेडलाइट बंद करून, अंधारात प्रतिस्पर्धी आकिले व्हार्झींना गाठलं आणि ओलांडलं, असं कित्येक पुस्तकं सांगतात. आता बघा: गाड्या ठरावीक अंतराने सुटत. नुव्होलारी व्हार्झींच्या नंतर सुटले होते. म्हणजे मागे राहूनही ते वेळेच्या हिशेबात पुढे होते. जिंकायला ओलांडण्याची गरजच नव्हती. दिवे खरंच विझवले का, तेव्हा अंधार होता की उजाडलं होतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एकाच पुस्तकावर विसंबणारा ही दंतकथा आयुष्यभर खरी मानून चालेल.

१९५७ ही खरी मिल्ले मिल्याची शेवटची शर्यत. त्या दिवशी पीटर कॉलिन्सच्या फेरारीत शेजारी छायाचित्रकार लुई क्लेमान्तास्की बसले होते. शर्यत आतून कशी दिसते, ते त्यांच्या फोटोंत आहे. आणि त्याच दिवशी गुइदिझ्झोलो गावापाशी आल्फोन्सो दे पोर्तागोंच्या फेरारीचं टायर फुटलं. ते गेले, सहचालक एडमंड नेल्सन गेले आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक गेले. त्यांतली पाच मुलं होती. एन्झोंवर खटला चालला, ते निर्दोष सुटायला १९६१ उजाडलं. मिल्ले मिल्यावरचं नवं पुस्तक हाती आलं की मी आधी हेच पान शोधतो. काही गुळगुळीत पुस्तकं एका ओळीत हे प्रकरण उरकतात. अशी पुस्तकं कितीही देखणी असली तरी मी घेत नाही.

[दृश्य: चिसितालिया २०२. मग मुंबईतली काळी-पिवळी टॅक्सी.]

इटालियन पुस्तकं महाग पडतात, हे खरं. मराठी माणसाने सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर: चिसितालिया. तोरिनोच्या (ट्युरिनच्या) पिएरो दुझिओ यांची ही छोटी मोटार कंपनी. तिच्या २०२ मॉडेलचं इंजिन फियाट ११०० घराण्यातलं, १०८९ सीसी. कुर्ल्यात बनलेल्या आणि मुंबईची टॅक्सी झालेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिनही त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं. १९४७ साली चोपन्न वर्षांचे, आजारी नुव्होलारी उघड्या चिसितालियातून, मुसळधार पावसात, कितीतरी मोठ्या अल्फापाठोपाठ मिल्ले मिल्यात दुसरे आले. २०२ची, पिनिन फारिना या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने घडवलेली बंद बॉडी १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ निवडक मोटारींच्या प्रदर्शनात मांडली. त्या प्रदर्शनाची छोटेखानी पुस्तिका संग्रहालयाने आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. ती मोफत वाचता येते.