चित्रातल्या जहाजात माल कुठंय?

जहाजांची जुनी चित्रं बघताना शिडं-बिडं मी नंतर बघतो, आधी माल शोधतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तो सापडतच नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या बंदरांत काही चित्रकारांचा हाच धंदा होता, कॅप्टन नाहीतर मालक ऑर्डर देणार आणि हे त्यांच्या जहाजाचं चित्र काढून देणार. बहुतेक सगळी एकाच साच्यातली, जहाज बाजूने दिसतंय, शिडं फुगलेली, कंपनीचा झेंडा लांबूनही ओळखू येईल असा. दोरखंड मात्र तंतोतंत, कारण गिऱ्हाईक स्वतः दर्यावर्दी, एक दोर इकडचा तिकडे झाला तरी त्याच्या नजरेतून सुटणार नाही. पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो कापूस, चहा, कोळसा? तो खाली जहाजाच्या पोटात, दिसणार कसा!

म्हणून चित्रात माल दिसला की मी थांबतो. हा दाखवायची गरज कोणाला पडली?

इजिप्तमधे देर अल-बाहरीला हातशेपसुत राणीच्या मंदिरात साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शिल्पं आहेत, तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या जुन्या पुंत देशाला गेलेल्या जहाजांची. तिथे तर मालच माल. फळ्यांवरून हमाल चढतायत, धुपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून चाललीयत, पोती, हस्तिदंत, आणि वर माकडं मोकाट फिरतायत. खाली पाण्यातले मासे इतके नीट कोरलेत की त्यातले काही तांबड्या समुद्रातले म्हणून ओळखता येतात. राणीला दाखवायचं होतं की आमुन देवासाठी मी काय काय आणलं, त्यामुळे कारागिराने काही म्हणजे काही सोडलं नाही.

अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यातलं जहाज तुम्ही पाहिलं असेलच, तीन डोलकाठ्या, पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, डोळा काढलेला. त्यात मागच्या बाजूला रांजण ठेवलेत. आत काय ते चित्रकार सांगत नाही, ‘पूर्ण’ नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध गोष्टीत त्याला तेवढं पुरेसं होतं.

आता शेवटचं, आणि हे बघायला जड जातं. लिव्हरपूलचं ‘ब्रूक्स’ जहाज. १७८८ च्या अखेरीस प्लिमथच्या गुलामगिरीविरोधी कमिटीने त्याचा नकाशा छापला, पुढच्या वर्षी लंडनला त्याची मोठी आवृत्ती निघाली. इथे जहाजाचं पोटच उघडून दाखवलं, कारण माल म्हणजे माणसं होती, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेली. एका पुरुषाला जागा सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद, बस्स. १७८८ च्या नव्या कायद्याने या जहाजावर ४५४ जणांना परवानगी होती, त्याआधीच्या एका फेरीत ६०९ नेले होते. ना शिडं, ना झेंडा, नुसते ओळीने आडवे आकार, सगळे एकसारखे, एकालाही स्वतःचा चेहरा नाही. हे मला खटकतंच, विरोध करणाऱ्यांनीही माणसं पोत्यांसारखीच रचली की. पण ब्रिटिश संसदेतल्या लोकांपुढे परिणाम झाला तो याच रचनेचा. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्स या खासदाराने तर या जहाजाचं लाकडी मॉडेलच बाकीच्या खासदारांना दाखवलं, ते मॉडेल आजही हल शहराच्या म्युझियममधे आहे, त्यावर तोच नकाशा चिकटवलेला.