खोक्यानं गप्प बसावं म्हणून

नमस्कार श्रोतेहो.

माझा आवाज आत्ता तुमच्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या स्पीकरमधून पोहोचतोय. कुणाकडे तो तळहाताएवढा असेल, कुणाकडे मोबाइलमधला, नखाएवढा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ११० हर्ट्झच्या आसपास असतो. तळहाताएवढ्या स्पीकरला २०० हर्ट्झच्या खाली उतरताना धाप लागते, आणि मोबाइलमधला तर त्याच्या कितीतरी वरच थांबतो. म्हणजे माझ्या आवाजाचा पाया तुमच्या खोलीत जवळजवळ पोहोचतच नाहीये. तरीही तुम्हाला हा पुरुषाचाच आवाज वाटतो. कारण २२०, ३३०, ४४० असे वरचे उपस्वर ऐकून तुमचा मेंदू खालचा ११० आपल्या पदरचा घालतो.

कान एवढा उदार असेल, तर एकेका स्पीकरवर वर्षानुवर्षं घासणारी माणसं नक्की काय करत असतात? जे कमी आहे ते कान भरून काढतो. पण जे जास्तीचं आहे ते तो पोटात घालत नाही. घरी निवांत बसून ऐकायच्या उंची स्पीकरची निम्म्याहून अधिक कारागिरी या जास्तीच्या आवाजांना गप्प बसवण्यात खर्च होते.

मूळ यंत्र तसं जुनंच. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी त्याची रचना मांडली. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटवलेला शंकू. वीज मागे-पुढे झाली की शंकू मागे-पुढे. शंभर वर्षं झाली, आपण अजून तिथेच आहोत. घरच्या चांगल्या स्पीकरला दिलेल्या विजेतलाही जेमतेम एखादा टक्काच आवाज होऊन बाहेर पडतो. बाकीची सगळी वेटोळं तापवते.

खोकं लागतं ते शंकूला पाठ असते म्हणून. तो पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो, आणि मागची उलटी लाट वळसा घालून पुढे आली की खर्जाचा फडशा पडतो. म्हणून तिला कोंडायचं. १९५४ साली एडगर विलचर यांनी खोकं पूर्ण बंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. त्याच्याही आधी, १९३२ मध्ये, बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांना खोक्याला भोक ठेवून मागची लाट कामाला लावण्याचं पेटंट मिळालं होतं. या भोकाचं नीट गणित मात्र नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलं, आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केलं. तोवर लोक अंदाजानंच नळी कापत होते. गणित आलं तरी एक अडचण सुटली नाही, ती सुटणारही नाही: लहान खोकं, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिन्ही देतो म्हणणाऱ्याकडून स्पीकर घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. लाट कोंडली, पण ती गप्प कुठे बसते? ती खोक्यालाच हलवते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एक जोडी बांधली. वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा शंकू, चांगला; ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा लहान, तोही चांगला; १८ मिलिमीटरचं प्लायवूड. वाद्यसंगीत झकास वाजायचं. पण बातम्या लागल्या की निवेदकाला पडसं झालेलं. एकाला नव्हे, येईल त्या प्रत्येकाला! शेवटी एका रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर ऑसिलेटर, म्हणजे हवा तो सूर काढणारं यंत्र, जोडला, एकच सूर हळूहळू वर चढवत नेला आणि बाजूच्या फळीवर बोटांची पेरं टेकवून बसलो. दीडशेपर्यंत काही नाही. १९० हर्ट्झच्या आसपास फळी एकदम बोटांखाली गुरगुरायला लागली, मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तशी. २१० ला पुन्हा शांत.

हिशेब केला तेव्हा मला घाम फुटला. वूफरचा हलणारा शंकू साधारण १३० चौरस सेंटिमीटरचा. खोकं ४० बाय ३० बाय २५ चं, म्हणजे सहा बाजू मिळून जवळपास ५,९०० चौरस सेंटिमीटर. शंकूच्या ४५ पट मोठा पृष्ठभाग! तो केसभर हलला तरी ऐकू येणारच. त्यात फळीला थांबणं माहीत नाही. सूर बंद झाला तरी तिचं आपलं चालूच, आणि मग मागच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. तंबोऱ्याचा भोपळा किंवा व्हायोलिनची पोकळ पेटी बोलते म्हणून तर ते वाद्य. स्पीकरचं खोकं बोललं, की ते प्रत्येक वाद्यात आपलं एक वाद्य मिसळतं.

यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, फळी हलूच द्यायची नाही: आत आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी करा, थरावर थर चिकटवा, नाहीतर सरळ अॅल्युमिनियम वापरा. दुसरा पंथ बीबीसीच्या इंजिनियरांचा, आणि मला तो जास्त शहाणा वाटतो. त्यांनी फळी उलट पातळ घेतली, बर्च प्लायवूडची, आणि आतून डांबरी चटया चिकटवल्या. पातळ फळीचं कंपन खालच्या सुरांत उतरतं, तिथे कान तितका तिखट नसतो, आणि उरलेलं डांबर जिरवून टाकतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच रीतीनं त्यांनी एलएस३/५ए हा छोटा स्पीकर केला. आतली जागा फक्त पाचेक लिटर. तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून ऐकण्यासाठी होता, जिथे मोठ्या खोक्याला जागाच नसते. खर्ज त्याच्याकडे नाहीच म्हणा ना. पण माणूस बोलला की माणूसच बोलतो, आणि म्हणून रेडिओवाल्यांचा त्याच्यावर इतका जीव.

पीटर वॉकर यांनी तर खोकंच काढून टाकलं. १९५७ च्या त्यांच्या क्वाड स्पीकरमध्ये दोन जाळीदार पत्र्यांच्या मध्ये विद्युतभारित प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणलेला होता, बाकी काही नाही. मधल्या सुरांत तो आजही नव्या स्पीकरना लाजवतो. मोठ्यानं वाजवायला मात्र सांगू नये.

मी मधला मार्ग धरला. आत एक आडवी पट्टी चिकटवली, ती मुद्दाम मध्यापासून जरा बाजूला, कारण मधोमध लावली तर दोन सारखे अर्धे होतात आणि दोघे एकाच सुरात गुरगुरतात. उरलेल्या जागी डांबरी चटई. निवेदकाचं पडसं निम्म्यानं उतरलं.

शंकूचंही असंच. तो हलका हवा, ताठ हवा आणि स्वतः न किणकिणणारा हवा. धातूचा ताठ असतो, पण एका सुरावर घंटेसारखा वाजतो. बेरिलियम किंवा हिऱ्याचे ट्वीटर करतात ते ही घंटा ऐकण्याच्या हद्दीबाहेर ढकलण्यासाठी. कागद तिन्ही गुणांत मध्यम, पण तिन्हींत मध्यम असणं ही काय थोडी गोष्ट आहे?

एकाच शंकूवर भागत का नाही, असं विचाराल, तर २० हर्ट्झची लाट १७ मीटर लांब असते आणि २०,००० हर्ट्झची १७ मिलिमीटर. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी सूर निम्म्यावर आणला की शंकूला चौपट हलावं लागतं: ८० हर्ट्झला एक मिलिमीटर, तर ४० ला चार, २० ला सोळा. म्हणून खाली मोठा शंकू, वर लहान घुमट आणि मध्ये दोघांना सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर. तो सांधा दिसू न देणं ही शिंप्याची कला. मोठा शंकू वरच्या सुरांत टॉर्चसारखा फक्त समोर झोत टाकतो, आणि तिथेच ट्वीटर सुरू झाला की तो चहूकडे फाकतो. समोर बसून मोजलं तर सगळं सपाट. बाजूला जाणाऱ्या आवाजात मात्र शिवण उसवलेली. खोलीत बाजूचा आवाजही भिंतींवरून तुमच्याच कानात येतो. म्हणून हल्ली चांगल्या स्पीकरमध्ये ट्वीटरभोवती उथळ कर्णा दिसतो. त्याचा फाकावा वूफरशी जुळावा म्हणून.

बाजूच्या आवाजाचं हे महत्त्व फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि मग स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत, स्पीकर पडद्याआड ठेवून दाखवून दिलं. पडद्याआडून ऐकणाऱ्या निरनिराळ्या माणसांची पसंती आश्चर्य वाटावं इतकी जुळते. १९९४ साली त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर पडद्यासह आणि पडद्याशिवाय ऐकवले. पडदा गेल्यावर भारदस्त दिसणाऱ्यांचे गुण वाढले, आणि एका छोट्या, स्वस्त संचाचे घसरले. ऐकणारे सगळे त्याच कंपनीतले होते, बरं का. त्यांचा आणखी एक धडा: दोषच पकडायचे असतील, तर जोडी न ऐकता एकच स्पीकर ऐका. दोन स्पीकर वाजायला लागले की कान अवकाशात रमतो आणि खोट सुटून जाते.

मीही एकच वाजवून पाहिला. निम्मं पडसं तिथेच होतं. मग खोलीच्या मागे लागलो. खोली पाच मीटर लांब. तिच्यात ३४ हर्ट्झची लाट बरोबर अर्धी बसते, ६९ ची पूर्ण, आणि १०३ ची दीड. निवेदकाचा ११० अगदी शेजारीच. अशा नेमक्या बसणाऱ्या लाटा खोलीत घुमत राहतात, त्यांचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो, आणि माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली.

१०३ ची लाट भिंतीपासून सुमारे ८३ सेंटिमीटरवर शून्य होते. टेप लावून खुर्ची तेवढी पुढे ओढली आणि सकाळच्या बातम्यांची वाट पाहिली. पडसं गेलेलं होतं. उठून मागे भिंतीशी जाऊन उभा राहिलो, तर ते परत आलं. खोक्यातली पट्टी मात्र मी काढून पाहिली नाही.

नमस्कार.