न्यूरेंबर्गचं सोन्याचं कोकरू

पडद्यावर एवढं मोठं दिसणारं हे सोन्याचं नाणं प्रत्यक्षात मसुराच्या डाळीएवढं आहे. व्यास जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराच्या टांकसाळीत पाडलेला हा डुकाटचा, म्हणजे युरोपातल्या एका जुन्या सोन्याच्या नाण्याचा, बत्तिसावा हिस्सा.

कोलोन मार्क या जुन्या मापाच्या, म्हणजे सुमारे २३४ ग्रॅम वजनात ६७ डुकाट बसवायचे, असा पवित्र रोमन साम्राज्याचा दंडक. म्हणून डुकाट साधारण साडेतीन ग्रॅमचा, हजारात ९८६ भाग सोनं. त्याचा बत्तिसावा हिस्सा भरतो ०.११ ग्रॅम. आणि तेवढ्याशा पत्र्यावरही कारागिराने निशाण घेतलेलं कोकरू उमटवलं!

पूर्ण डुकाटावर ते नीट पाहता येतं. कोकरू पृथ्वीगोलावर उभं आहे, निशाणावर ‘पाक्स’, म्हणजे शांती. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध १६४८ मध्ये थांबलं, आणि त्यानंतरच्या वाटाघाटी याच शहरात झाल्या. नव्या शतकासाठी नाणं पाडताना शहराने पुन्हा शांतीच मागितली. कडेने लॅटिन प्रार्थना आहे: हे पित्या, शांतीचं दान देऊन आमच्या काळाला मुकुट चढव. तिच्यातली काही अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. एम, डी, सी, सी. रोमन आकडे म्हणून ती वाचा: १०००, ५००, १००, १००. झालं १७००!

संग्राहकाची खरी कसोटी इथे लागते. लोकांना हे कोकरू इतकं आवडलं, की पुढे कित्येक वर्षं टांकसाळ तेच साल घालून नाणी पाडत राहिली. तेव्हा सालावर विसंबू नका, भिंग घेऊन टांकसाळप्रमुखाची आद्याक्षरं शोधा. जी. एफ. एन. असेल, तर ते गेऑर्ग फ्रीडरिश न्यूर्नबेर्गर.

गोल नाण्यांबरोबर चौकोनीही पाडली जात. रेगेन्सबुर्ग या दुसऱ्या जर्मन शहराच्या अशाच चिमुकल्या नाण्यांवर त्या शहराच्या, फुलीसारख्या एकमेकींवर ठेवलेल्या दोन किल्ल्या सापडतात.

ही नाणी बाजारात फार फिरली नाहीत. बाळाच्या बाप्तिस्म्याला, नव्या वर्षाला ती भेट दिली जात. लोक ती अंगावर घालत, म्हणून अनेक नाण्यांच्या काठावर कडी जोडल्याची खूण असते. विक्रेते अशा नाण्याची किंमत कमी धरतात. मला मात्र असं नाणं जास्त मोलाचं वाटतं, कारण ते कुणीतरी अंगावर वागवलेलं असतं. घेताना खूण नीट पाहा, भाव त्याप्रमाणे ठरवा, आणि ती घासून काढायला कुणाला देऊ नका.