नाव खोडलं, तरी माणूस कळतो

[पडद्यावर एक तक्ता. पहिला रकाना कोरा.]

हा तक्ता नीट पाहा. नावाचा रकाना कोरा आहे. पुढे जन्मतारीख, लिंग, राहत्या भागाचा पिनकोड. त्यापुढे दवाखान्यात आल्याची तारीख, निदान, लिहून दिलेली औषधं. एका ओळीत एक माणूस. संशोधकांच्या हाती रुग्णांच्या नोंदी जातात त्या बऱ्याचदा अशा रूपात. आणि सोबत दिलासा असतो की नावं काढली आहेत, आता काळजी नको.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नव्वदच्या दशकात हाच दिलासा दिला गेला होता. सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा सांभाळणाऱ्या मंडळाने नावं-पत्ते काढून नोंदी संशोधकांना खुल्या केल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना सांगितलं, तुमची गोपनीयता सुरक्षित आहे. लटानिया स्वीनी तेव्हा त्याच राज्यातल्या एमआयटी विद्यापीठात शिकत होत्या. गव्हर्नर त्याच राज्यातल्या केंब्रिज शहरात राहत. स्वीनींनी २० डॉलरला त्या शहराची मतदारयादी विकत घेतली. तिच्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग, पिनकोड, सगळं होतं.

[दोन कागद शेजारी शेजारी. बोट एकेका ओळीवरून सरकतं.]

दोन्ही याद्या शेजारी ठेवून त्यांनी खुद्द गव्हर्नरांनाच शोधायला घेतलं. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार शहरात ६. त्यातले पुरुष ३. त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा १. संपला शोध. कुणी कुलूप फोडलं नव्हतं, पासवर्ड चोरला नव्हता. दोन्ही कागद रीतसर मिळालेले.

पुढे २००० साली स्वीनी यांनी हिशेब मांडला. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येऊ शकतात. नंतर दुसऱ्या संशोधकाने फेरमोजणी केली, तेव्हा आकडा ६३ टक्क्यांवर आला. हायसं वाटावं असा तोही नाही.

ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये सुमारे २९ लाख लोकांची वैद्यकीय बिलं आणि औषधांचे तपशील असेच नावाविना इंटरनेटवर ठेवले गेले. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की बाळंतपणाची तारीख, एखादी शस्त्रक्रिया, अशा चारचौघांना ठाऊक असलेल्या गोष्टींवरून माणूस सापडतो. आणि सापडला की बाकीचं सगळंच हाती लागतं. गर्भपात. नैराश्याच्या गोळ्या. जे त्याने डॉक्टरांना आवाज खाली आणून सांगितलं होतं, ते.

मग नोंदी कपाटात बंदच ठेवायच्या का? मला हे अजिबात पटत नाही. गोवराच्या एमएमआर लसीमुळे मुलांना स्वमग्नता येते, ही भीती पसरली तेव्हा डेन्मार्कमधल्या संशोधकांनी देशातल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तपासल्या. २००२ मध्ये निष्कर्ष आला: लस घेतलेल्या मुलांमध्ये धोका वाढलेला नाही. लाखो आईबापांच्या काळजीला उत्तर मिळालं ते या नोंदींमुळे. त्या बंद असत्या तर कित्येक मुलं लसीविना राहिली असती.

म्हणूनच विश्वास मोडतो तेव्हा फार मोठं नुकसान होतं. इंग्लंडमध्ये केअर डॉट डेटा नावाची योजना आली. फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करायच्या होत्या. माहितीपत्रकं घरोघर टाकली, पण कित्येकांनी ती पाहिलीच नाहीत. नोंद कुणाकडे जाणार, विमा कंपन्यांना मिळणार का, नको असेल तर काय करायचं, याची धड उत्तरं मिळेनात. २०१४ च्या फेब्रुवारीत योजना थांबवली, २०१६ मध्ये गुंडाळली. रुग्णाला आधी नीट विचारण्याचे कष्ट घ्यायला हवे होते. आपलं दुखणं बाहेर फुटेल ही धास्ती बसली, की माणूस डॉक्टरांपासूनही लपवू लागतो. मग नोंदच अर्धवट होते, आणि तिच्यावरचं संशोधनही.

[संगणकाचा पडदा. प्रोग्रामच्या ओळी सरकत आहेत.]

त्याच इंग्लंडमध्ये २०२० साली, कोविडच्या काळात, ओपनसेफली नावाची संशोधनाची व्यवस्था उभी राहिली. इथे नोंदी जागच्या हलत नाहीत. संशोधकाला आधी बनावट नोंदी मिळतात. त्यांच्यावर तो आपला प्रोग्राम लिहून, चालवून पाहतो. मग तो प्रोग्रामच खऱ्या नोंदी असलेल्या संगणकाकडे जातो. बाहेर येतात ते एकत्रित आकडे, तेही तपासून. १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींवर असं काम झालं. वय, मधुमेह, गरिबी यांनी कोविडमध्ये मृत्यूचा धोका किती वाढतो, ते कळलं. एकाही रुग्णाची फाइल संशोधकाच्या संगणकावर उतरली नाही.

आणि कुठला प्रोग्राम कधी चालवला, याची यादी सर्वांसाठी खुली असते. ज्याची नोंद त्यात आहे, त्यालाही ती उघडून पाहता येते.